ब्रह्मकमळ नावाचा निवडुंग

श्रावणातल्या एखाद्या रात्री, जेवणे आटोपून स्वयंपाकघर आवरले, की आमच्या येळ्ळुरात कोणत्या तरी गल्लीत कोणाच्या तरी उंबऱ्याबाहेर चपलांची गर्दी होऊ लागते. घरात बारसे नसते, भजनही नसते. घरच्या बाईने संध्याकाळीच शेजारी निरोप धाडलेला असतो, "आक्का, आज नक्की उमलणार, पोरांना घेऊन या." सोप्याच्या कोपऱ्यात, तेलाच्या जुन्या डब्यात लावलेले, एरवी कोणी ढुंकूनही पाहत नाही असे एक लांबलचक, लोंबते, काहीसे अस्ताव्यस्त रोप असते. त्या रात्री मात्र त्याच्यापुढे निरांजन लागते, हळदकुंकू वाहिले जाते, आणि म्हातारीकोतारी माणसे भिंतीला टेकून अकरापर्यंत जागी राहतात.

साडेसात-आठच्या सुमारास कळीचे टोक सैल होते. बाहेरच्या अरुंद, तांबूस पाकळ्या मागे वळू लागतात, आणि आतल्या शुभ्र पाकळ्या इतक्या हलके सुटतात की नीट लक्ष देऊन पाहणाऱ्याला त्यांचा कंप दिसतो. दहा-अकरापर्यंत फूल तळहाताहून मोठे होते. मागच्या नळीसकट मोजले तर कधी कधी फूटभर लांब भरते. वास सोप्यातून माजघरात, माजघरातून परड्यात जातो. मधोमध चांदणीसारखी फाकलेली कुक्षी आणि भोवती पुंकेसरांचा दाट झुबका; त्यात कोणाला आसनस्थ ब्रह्मदेव दिसतो, कोणाला पाळणा. पहाटे पाहावे तो फुलाने मान टाकलेली असते. हा सारा थाट मुळात आपल्यासाठी नसून लांब सोंडेच्या मोठ्या निशाचर पतंगांसाठी आहे. अंधारात त्यांना दिसावे म्हणून पांढरा रंग, दुरून कळावे म्हणून वास, आणि त्यांची सोंड पोहोचावी अशा बेताने नळीच्या तळाशी मध.

या झाडाला आपण ब्रह्मकमळ म्हणतो. पण ते कमळ नव्हे, आणि हिमालयातले ब्रह्मकमळही नव्हे. हिमालयातले ते सूर्यफुलाच्या कुळातले. साधारण बारा हजार फुटांहून अधिक उंचीवर खडकांत उगवते, फिकट पिवळसर पातळ आवरणांत जांभळट फुलांचा गुच्छ झाकून ठेवते, आणि केदारनाथ-बदरीनाथला वाहिले जाते. उत्तराखंडाचे ते राज्यपुष्प आहे. १९८२ साली आपल्या टपाल खात्याने हिमालयातील फुलांची तिकिटे काढली, त्यातले ब्रह्मकमळ हेच. ते येळ्ळुरातल्या डब्यात जगणार नाही, आणि आपले हे तिकडच्या बर्फात एक रात्र काढणार नाही. आपले झाड मेक्सिको व मध्य अमेरिकेच्या दमट अरण्यांतले. वनस्पतिशास्त्रात त्याला 'एपिफायलम ऑक्सिपेटॅलम' म्हणतात, आणि जातीने ते चक्क निवडुंग आहे.

नावामुळे चार माणसे हात जोडत असतील तर त्याला कोणाची हरकत असू नये. पण नावावरूनच झाडाची जोपासना होऊ लागली की त्याचे हाल होतात, आणि ते दोन्ही बाजूंनी होतात. कमळ म्हटले म्हणून कोणी त्याला रोज तांब्याभर पाणी घालून, चिखलात ठेवून कुजवतो. कोणा जाणत्याने 'अहो, हा कॅक्टस' असे सांगितले की दुसरा त्याला गच्चीवर रणरणत्या उन्हात ठेवतो आणि महिना महिना पाणी देत नाही. अशा झाडाची पाने पिवळी पडतात, सुरकुततात, आणि सात-सात वर्षे फूल येत नाही. मग 'हे चौदा वर्षांनी एकदाच फुलते' अशी समजूत त्या घरात रूढ होते! वास्तविक नीट जोपासलेले झाड दर पावसाळ्यात फुलते, आणि ज्येष्ठापासून आश्विनापर्यंत एकाच झाडाला दोन-तीन बहर येणे काही नवलाचे नाही.

निवडुंग म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे शेताच्या बांधावरचा फड्या निवडुंग उभा राहतो. तोही अमेरिकेतूनच आलेला. एके काळी दक्षिणेत त्याचे एवढे रान माजले होते की १९२६ नंतर श्रीलंकेतून त्यावर जगणारा एक कीटक मुद्दाम आणावा लागला, आणि त्या इवल्या जिवाने जे केले ते कुऱ्हाडीला जमले नव्हते. कुंपणाचा त्रिधारी निवडुंग मात्र निवडुंगच नव्हे. तो एरंडाच्या कुळातला. ओळख सोपी आहे. मोडल्यावर पांढरा चीक आला तर तो या कुळाबाहेरचा समजावा. खऱ्या निवडुंगांचे जवळजवळ सगळे गोत अमेरिकेतले. 'रिप्सालिस' नावाची बारीक दोऱ्यांसारखी लोंबणारी एक जात तेवढी आफ्रिका, मादागास्कर आणि श्रीलंकेच्या रानांतही आपोआप वाढलेली आढळते.

पण निवडुंगांत सगळेच वाळवंटातले नसतात, हे आपण विसरतो. ब्रह्मकमळाच्या घराण्याने वाळवंट सोडून झाडांचा आसरा घेतला. खानापूरच्या किंवा आंबोलीच्या जंगलात पावसाळ्यात गेलात तर जुन्या वृक्षांच्या बेचक्यांत शेवाळ, कुजका पाला आणि त्यात रुजलेल्या आमरी दिसतील. 'सीतेची वेणी' अशीच फांदीवरून लोंबते. आमरी काही बांडगुळासारखी झाडाचा रस शोषत नाही. तिला फक्त बसायला जागा हवी असते. आपले ब्रह्मकमळही मूळ देशी असेच राहते. पाऊस भरपूर पडतो, पण मुळांशी पाणी साचत नाही; फांदीवरून वाहून जाते आणि वारा तासा-दोन तासांत मुळे कोरडी करतो. डोक्यावर मोठ्या झाडांची सावली असते, तिच्यातून गाळून आलेले ऊन मिळते. खायला पाचोळ्याचे खत आणि पक्ष्यांची शीट, तेही थोडके. घरात हे झाड लावणाऱ्याने ही फांदी डोळ्यांपुढे ठेवली तर पुढचे बरेचसे न सांगताही कळेल.

मला ते फार उशिरा कळले. आमच्या घरातले झाड सासूबाईंनी लावलेले. पत्र्याच्या डब्यात अनेक वर्षे होते, डबा गंजून बुडाला भोके पडली होती, आणि दर श्रावणात ते न चुकता फुलत असे. ती गंजलेली भोकेच झाडाचा जीव सांभाळून होती, हे माझ्या ध्यानात आले नाही. मला तो डबा बघवेना. मी हौसेने भली मोठी सिमेंटची कुंडी आणली आणि शिवारातली उत्तम माती भरून झाड तीत हलवले. येळ्ळूरचे शिवार भाताचे. बासमतीसाठी नावाजलेली ही माती पाणी धरून ठेवते, म्हणून तर तिच्यात भात पिकतो! आषाढाची झड लागली आणि तीन आठवड्यांत झाड बुंध्यापासून मऊ, काळे पडले. हात लावला तर खोडाचा लगदा बोटांना लागला. सासूबाई काही बोलल्या नाहीत. दोन दिवसांनी एवढेच म्हणाल्या, "मागल्या गल्लीत विचारून ये. मी दिली होती पानं त्यांना." मी चार घरे हिंडले. चारही घरांत आमच्याच झाडाची पोरे उभी होती. वरच्या गल्लीतल्या वहिनींनी तर दोन पाने कापून, वर्तमानपत्रात गुंडाळून, आपणहून घरी आणून दिली. आज आमच्या सोप्यात आहे ते झाड त्यातले.

तेव्हापासून मी मातीच्या बाबतीत कोणाचे ऐकत नाही. शेतातली माती फार तर एक वाटा घ्यावी. दोन वाटे चांगले कुजलेले पाल्याचे खत, एक वाटा नारळाच्या सोडणाचे बारीक तुकडे, एक वाटा जाड वाळू किंवा विटांची खडी. आमच्याकडे भाताचे तूस मुबलक, म्हणून मी ते काळे होईपर्यंत जाळून दोन मुठी मिसळते. लाकडी कोळशाचा चुरा असेल तर तोही चालतो. मिश्रण मुठीत दाबून सोडले की ढेकूळ न राहता मोकळे झाले पाहिजे. ताजे शेण कधीही घालू नये. कुंडी मातीची आणि बेताची असावी, कारण मुळे जरा दाटीवाटीने असली की हे झाड फुलावर येते. ऐसपैस कुंडीत ते नुसती पाने वाढवते, आणि मुळे न पोहोचलेली माती पाणी धरून आंबते. झाड दरवर्षी हलवण्याचीही गरज नाही. तीन-चार वर्षांनी, तेही फुलांचा हंगाम संपल्यावर, पुरे.

प्रकाशाचे म्हणाल तर पूर्वेची खिडकी सर्वांत उत्तम. सकाळचे कोवळे ऊन दोन तास मिळावे, बाकी दिवसभर लख्ख उजेड. दुपारच्या उन्हाने पानांवर तांबूस छटा येते, पुढे पांढरे डाग पडतात, ते जात नाहीत. उलट अगदी अंधाऱ्या माजघरात ठेवले तर पाने लांब, पातळ, काडीसारखी होत जातात. झाड उजेड शोधत असते. पाणी बोट घालून पाहून द्यावे. वरची बोटभर माती कोरडी लागली की कुंडीच्या बुडातून वाहीपर्यंत घालावे, आणि बशीत उतरलेले ओतून टाकावे. उन्हाळ्यात दोन-तीन दिवसांआड, थंडीत दहा-बारा दिवसांनी. कार्तिकापासून माघापर्यंतचा हा थोडा उपास झाडाला मानवतो. नंतरच्या फुलांची तयारी त्यात होते. पावसाळ्यात कुंडी पागोळीखाली येणार नाही एवढे पाहावे.

हे आमच्या बेळगाव भागाचे झाले. समुद्रसपाटीपासून सुमारे अडीच हजार फूट उंचीवर राहिल्याने उन्हाळा आम्हांला फारसा जाचत नाही, आणि बंगळूरकर वाचकांचेही तसेच. पण इंदूर, बडोदे, हैदराबाद या बाजूच्या घरांत वैशाखातली कोरडी झळ हा खरा शत्रू असतो. तिथे झाड घराच्या आतल्या बाजूला घ्यावे, पसरट ताटलीत खडे आणि पाणी ठेवून खड्यांवर कुंडी बसवावी, म्हणजे बुड पाण्यात न भिजता हवा दमट राहते. कूलरची ओलसर हवा त्याला आवडते, वातानुकूलन यंत्राचा थेट झोत मुळीच सोसत नाही. उत्तरेकडे, दिल्लीसारख्या ठिकाणी, पौषात पारा दहा अंशांखाली गेला की रात्री आत घ्यावे. झोपायच्या खोलीत ठेवले तरी भिण्याचे कारण नाही. बहुतेक झाडे दिवसा कर्बवायू घेतात. निवडुंगाच्या जातीची झाडे पाणी वाचावे म्हणून दिवसा आपली रंध्रे मिटून ठेवतात, रात्री ती उघडून कर्बवायू घेतात आणि आम्लाच्या रूपात साठवून सकाळच्या उजेडात वापरतात.

आता ज्याला आपण पान म्हणतो त्याविषयी. ते पान नसून चपटे झालेले खोडच आहे. म्हणून तर त्याच्या कडेच्या खाचेतून कधी नवे पान फुटते, कधी कळी. पानातून फूल फुटते असे वाटल्यावरून शास्त्रज्ञांनी ग्रीक भाषेतून याला जे नाव दिले, त्याचा अर्थही 'पानावरचे' असाच होतो. अधूनमधून बुडापासून छडीसारखा गोल, उंच फोक निघतो. हौशी माणसे तो विद्रूप दिसतो म्हणून छाटतात. तसे करू नये. त्याच्या वरच्या भागाला चपटी पाने फुटतात आणि त्यांवर पुढे फुले येतात. त्याला वेताची काठी देऊन वर न्यावे, मग तो आपल्या वजनाने वळून खाली लोंबेल. उंच तिपाईवर किंवा टांगत्या शिंक्यात हे झाड शोभते, जमिनीवर ते केरात पडल्यासारखे दिसते. फुले नव्या कोवळ्या पानांवर न येता गेल्या साली पक्व झालेल्या पानांवर येतात, तेव्हा 'जुनी पाने काढून झाड स्वच्छ करणे' म्हणजे पुढच्या श्रावणाची फुले उकिरड्यावर टाकणे होय. नत्राचे रासायनिक खत दिले तर पाने माजतात. फाल्गुनानंतर चिमूटभर लाकडाची राख आणि हाडांचे थोडे खत एवढे माझ्या झाडाला पुरते.

किडींचा त्रास फार नाही. पिठ्या ढेकूण खाचांत कापसासारखा दिसतो, तो साबणाच्या पाण्यात फडके बुडवून पुसावा. पावसाळ्यात गोगलगायी रात्री कोवळी टोके खातात, त्या हाताने वेचाव्यात.

कळीच्या बाबतीत मात्र मी दुसऱ्यांदा पस्तावले. वहिनींनी दिलेल्या पानांचे झाड तिसऱ्या वर्षी कळीवर आले. मोहरीएवढी दिसल्यापासून तीन-चार आठवडे कळी वाढत राहते. आधी खाली लोंबते आणि उमलण्याच्या सुमारास मान वर उचलते. पाच कळ्या होत्या. सासूबाई तेव्हा अंथरुणाला खिळल्या होत्या, त्यांची खाट माजघरात. त्यांना फूल दिसावे म्हणून कळ्या बोटभर झाल्यावर मी कुंडी उचलून त्यांच्या उशाशी नेली. दोन दिवसांत एक कळी पिवळी पडून गळली, आठवड्यात पाचही. उजेड बदलला, हवा बदलली, की हे झाड प्रथम कळ्या टाकते. साधी कुंडी फिरवली तरी रुसते. कळी दिसल्यापासून फूल होईपर्यंत कुंडीला हात लावू नये, पाणी चुकवू नये, हा नियम मी त्या वर्षी शिकले.

पुढच्या साली मी झाड हलवले नाही, खाट हलवली. चैत्रातच सासूबाईंचे अंथरूण सोप्यावर, त्या पूर्वेच्या खिडकीशी आणले. जाणायेणाऱ्यांचा त्रास होईल असे घरात काहींचे म्हणणे होते. श्रावणात दोन फुले आली. त्या रात्री त्या सव्वाअकरापर्यंत जाग्या होत्या. मी निरांजन लावू लागले तर म्हणाल्या, "उजेड नको करू. अंधारात जास्त दिसतंय."

याच गोतातली आणखी दोन लोंबती झाडे घरात ठेवण्यासारखी आहेत, आणि माती-पाणी दोघांनाही हेच. एक वर सांगितलेला रिप्सालिस. त्याला मराठी नाव नाही. हिरव्या दोऱ्यांचा झुबका खाली सुटतो, लहानशी पांढुरकी फुले येतात आणि मग मोत्यांसारखी फळे. दुसरा ब्राझीलच्या डोंगरांतला, नाताळच्या सुमारास गुलाबी फुले देणारा. नाताळातला निवडुंग म्हणूनच तो ओळखला जातो. त्याला कळ्या धरायला कार्तिकात रोज बारा-तेरा तासांचा गडद अंधार लागतो, म्हणून दिवा रात्री उशिरापर्यंत जळणाऱ्या खोलीत तो फुलत नाही. बाजारात मिळणारे ड्रॅगन फळ हेही याच घराण्यातले, त्याचे फूल ब्रह्मकमळाचे भावंड शोभावे असे. २०२१ साली गुजरात सरकारने त्या फळाला 'कमलम्' असे नाव दिले. मेक्सिकोकडच्या दोन निवडुंगांना आपण कमळ करून टाकले, यात आपल्या लोकांची काहीतरी ओढ दिसते खरी.

नाव बदलावे काय? काही अभ्यासू मंडळी तसे सुचवतात. केरळात याला निशागंधी म्हणतात, जपानी लोक 'चांदण्यातली सुंदरी' म्हणतात, आणि चिनी भाषेत क्षणात मावळणाऱ्या वैभवाला याच फुलाची उपमा देतात. निशागंधी हे नाव मलाही गोड वाटते. पण गावाच्या नावाच्या फलकावरून २०१४ च्या जुलैत येळ्ळूरने काय सोसले हे सीमाभागातील वाचकांस सांगावयास नको. नाव कशाला म्हणतात ते आम्हांला कळते. आणि गंमत अशी की आमच्या गल्लीतले कानडी बोलणारे कुटुंबही याला ब्रह्मकमळच म्हणते. या एका नावाबाबत तरी वाद नाही, तो कशाला उकरून काढावा? झाड निवडुंगाचे आहे एवढे ओळखून पाणी घातले म्हणजे झाले.

आपल्याकडे या झाडाला सहसा फळ धरत नाही, तेव्हा बियांची वाट पाहू नये. ज्यांना लावायचे असेल त्यांनी ज्याच्या घरी फुलते त्याच्याकडून वीतभर लांबीचे, हिरवे, पक्व पान मागून घ्यावे. कापलेले टोक सावलीत पाच-सहा दिवस वाळू द्यावे, त्यावर खपली धरली पाहिजे; ओल्या जखमेसह लावले तर कुजते. झाडाला जोडलेली बाजू खाली ठेवून दोन बोटे खोल खोचावे, काडीचा आधार द्यावा आणि पहिला आठवडा पाणी देऊ नये. महिन्याभरात मुळे धरतात, फुलाला दोन-तीन वर्षे लागतात. कापलेले पान वर्तमानपत्रात गुंडाळले तर आठवडाभराचा प्रवास सहज सोसते. गेल्या दसऱ्याला माझ्या भाचीने इंदूरला नेले ते असेच, पिशवीत चिवड्याच्या डब्याशेजारी ठेवून. परवा तिचा फोन आला, नवे पान फुटले आहे, पण काडीसारखे बारीक. मी तिला खिडकी बदलायला सांगितली आहे.